उंदीर त्याच खोलीत का जाऊन बसतो?

प्रश्न: मुलगी एम.फार्म करतेय. औषधाची चटक लागू शकते का हे बघायला उंदराला दोन खोल्यांच्या पेटीत सोडतात आणि तो कुठे जास्त वेळ थांबतो ते मोजतात म्हणे. पण औषधाने उंदीर नुसताच जास्त पळत असेल तर तो आकडा खरा कसा धरायचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, शंका अगदी बरोबर आहे. पण शेवटच्या टेस्टच्या दिवशी उंदराला औषध देतच नाहीत, सगळी गंमत तिथेच आहे. आधी दरवाजे उघडे ठेवून पंधराएक मिनिटं त्याला मोकळं फिरू देतात, एका खोलीच्या भिंतींवर पट्टे नि खाली जाळी, दुसरीच्या भिंती साध्या नि खाली गुळगुळीत, म्हणजे त्याला फरक कळला पाहिजे. मग काही दिवस आज मॉर्फिन टोचून या खोलीत अर्धा तास बंद, उद्या नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचून त्या खोलीत बंद, असं आलटून पालटून. आणि मग एक दिवस काहीच न देता दरवाजे उघडायचे. आता तो मॉर्फिनवाल्या खोलीत पहिल्यापेक्षा जास्त रेंगाळला तर आठवणीने रेंगाळतोय, अंमलाखाली नाही. मळमळ आणणाऱ्या लिथियम क्लोराईडने उलटं होतं, जिथे बरं वाटत नव्हतं ती खोली तो टाळतो.

पळणं वेगळं मोजतात, पेटीत इन्फ्रारेड किरण असतात, उंदीर आडवा गेला की एक काउंट. अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाने हे काउंट वाढतात आणि बरेच दिवस दिलं की त्याच डोसला तो आणखी जास्त पळायला लागतो. मॉर्फिनचा मोठा डोस दिला तर मात्र उंदीर आधी सुस्त पडतो, नंतर हालचाल वाढते. तरी दोन्ही औषधांच्या खोल्या त्याला आवडतात, म्हणजे पळणं नि आवडणं एक नाही.

मुलीला एक मात्र नक्की विचारा, औषधाची खोली कशी ठरवली? उंदराला मुळात अंधारी जागा आवडते, त्यामुळे नावडत्या उजेडाच्या खोलीतच सगळ्यांना औषध दिलं तर औषधाने त्या खोलीची नुसती भीती कमी झाली तरी ‘आवडलं’ असा रिझल्ट येऊ शकतो. अर्ध्या उंदरांना या खोलीत, अर्ध्यांना त्या खोलीत द्यायला हवं. आणि खोली आवडली म्हणजे व्यसन लागलं असं थिसिसमध्ये लिहू नको म्हणावं, इथे इंजेक्शन आपण टोचतो, उंदीर स्वतः कळ दाबून औषध घेतो का ही टेस्ट वेगळी असते.