लॅपटॉप बदलायचा की केबल घ्यायची?

ताई, तुम्ही लिहिलंय: कोल्हापुरातल्या शाहूपुरीत आठवी ते दहावीचे क्लास, भिंतीवर स्मार्ट टीव्ही आणि 2012 चा लॅपटॉप. मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर जाते, लॅपटॉपची जात नाही, म्हणून दुकानदार 48,000 चा नवा लॅपटॉप 12 हप्त्यांत घ्या म्हणतोय. शिल्लक 35,000, घरखर्च महिन्याला 22,000. माझं उत्तर स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका.

विंडोज लॅपटॉपची अख्खी स्क्रीन केबलशिवाय टीव्हीवर दाखवायला, म्हणजे वायरलेस मिररिंगला, मिराकास्ट नावाचं तंत्र लागतं. ते 2012 साली आलं आणि विंडोजमध्ये 8.1 पासून मिळालं. पण विंडोज 10 टाकलं म्हणून काम होत नाही. ग्राफिक्स आणि वायफाय या दोन्हींच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, साथ लागते. कोण अडवतंय ते घरीच बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, डी-एक्स-डी-आय-ए-जी (dxdiag) टाइप करून एंटर दाबा आणि सगळी माहिती फाइलमध्ये सेव्ह करा. त्यात मिराकास्टची एक ओळ असते. ग्राफिक्सची अडचण लिहिली असेल आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर नसेल, तर विषय संपला. यूएसबीत लावायचा वायफायचा डोंगल घेऊन पैसे घालवू नका. फक्त वायफायची असेल तर आतलं कार्ड बदलता येतं, पण काही कंपन्यांचे लॅपटॉप ठरावीक कार्डंच स्वीकारतात. आधी विचारा, मग घ्या.

आणि लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर पाच मीटरची केबल हजाराच्या आत येते. चित्र, आवाज दोन्ही जातं, अडकत नाही. फिरत शिकवायचंच असेल तर टीव्हीत क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीवर चित्र पाठवायची गूगलची सोय, आहे का पाहा. क्रोम ब्राउझरमधून कास्ट करायला मिराकास्ट लागत नाही. पीडीएफ छान दिसतात, व्हिडिओ मात्र जुन्या प्रोसेसरवर रखडतो.

आता हप्त्याचं. महिना 4,000 म्हणजे घरखर्चाच्या जवळपास पाचवा हिस्सा. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ते, म्हटलं तरी बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. प्रोसेसिंग फी असेल तर ती, आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावरचा 18 टक्के जीएसटीही, तुमच्याच खिशातून जातो. शिवाय एप्रिल-मेमध्ये फी येत नाही, हप्ता थांबत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरातले व्यवहार कसे ठप्प झाले होते, ते तुम्ही पाहिलंय. तुमची शिल्लक दोन महिनेसुद्धा पुरत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.

जुना लॅपटॉप कायमचा चालवा असं मी म्हणत नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. तेच 4,000 रुपये जून ते मार्च आवर्ती ठेवीत टाका. पहिले 31,000 शिल्लकीत घाला, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेल. त्यानंतरचे पैसे लॅपटॉपचे. घेताना रोखीने घ्या, आणि दुकानातल्या टीव्हीवर विंडोज आणि के दाबून मिररिंग करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.