आधी बंधाऱ्यावर फोन लाव, मग बातमी टाक

तू विचारलंस, न्यूज पोर्टलवर बातमी पहिली कोण टाकतो यावरच सगळं ठरत असेल तर खातरजमा करायला वेळ कुठला? पावसाळा येऊ दे, कळेल. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की व्हॉट्सॲपवर जुने व्हिडिओ नव्यानं फिरायला लागतात. २०१९ च्या महापुरात मीही असाच एक घाईत पुढे दिला. पूल दुसऱ्याच जिल्ह्यातला निघाला. तोवर एका घरातली म्हातारी माणसं रात्रीच गाठोडी बांधून बाहेर पडली होती. ते अजून सलतं.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाठ असू दे. नुसतं 'पाणी वाढलं' लिहू नकोस. किती वाजता, किती फूट, कुणी सांगितलं, ते लिही. व्हिडिओ आला की पाठवणाऱ्याला विचार, तू स्वतः काढलास का, कुठं उभा होतास? फॉरवर्ड असेल तर थांब. चुकलास तर बातमी गुपचूप उडवू नकोस, वरच दुरुस्ती लिही.

जाहिरात बातमी म्हणून लावायला सांगतील, तिथं 'जाहिरात' हा शब्द टाकायचा हट्ट धर. कॅमेरा, एडिटिंग शिकशीलच. नदीकाठच्या प्रयाग चिखली गावातल्या माणसांचे नंबर मात्र आत्ताच घेऊन ठेव, पाणी त्यांच्या दारात आधी येतं.