वाचक विचारतात : हूपरचा आकडा आणि हॉलिवूडचे पाहुणे

प्रश्न : १९४० च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमांच्या माहितीत ‘हूपर १५’ अशी नोंद दिसते. म्हणजे १५ टक्के अमेरिका तो कार्यक्रम ऐकत होती का?

उत्तर : नाही. सी. ई. हूपर यांच्या कंपनीची माणसं कार्यक्रम चालू असतानाच घरोघर फोन लावत. आत्ता रेडिओ ऐकताय का, कोणता कार्यक्रम, कोणतं स्टेशन, जाहिरात कोणाची, असे मोजके प्रश्न असत. समजा, १००० घरांना फोन केले. ३०० ठिकाणी कोणी उचललाच नाही. उरलेल्या ७०० पैकी ३०० घरांत रेडिओ चालू आणि त्यातल्या १५० घरांत तुमचा कार्यक्रम. रेटिंग १५, कारण भागायचं १००० ने. न उचललेला फोन म्हणजे न ऐकणारं घर, असं धरत. चालू संच ३० टक्के आणि त्यांतला कार्यक्रमाचा हिस्सा ५० टक्के. रेटिंग आणि हिस्सा यांची गल्लत फार होते.

शिवाय फोन जात ते मोठ्या शहरांत, प्रमुख नेटवर्क्स (देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्या) सारखीच स्पष्ट ऐकू येत तिथे. १९४० साली रेडिओ ८० टक्क्यांहून अधिक घरांत होता, फोन मात्र सुमारे ३७ टक्के घरांत. खेडी, शेतवस्त्या, मोटारीतला रेडिओ हे सगळं हिशेबाबाहेर.

श्रोते मोजणारे दुसरे, क्रॉसली, यांची पद्धत निराळी. १९३० पासून त्यांची माणसं ‘मघाशी काय ऐकलंत?’ असं नंतर विचारत. त्यात गाजलेलं नाव आठवतं, साधा कार्यक्रम विसरला जातो. म्हणून क्रॉसली आणि हूपर यांचे आकडे एका रकान्यात मांडू नयेत. श्रोते मोजणाऱ्या तिसऱ्या, नील्सन यांची सेवा १९४२ मध्ये सुरू झाली. त्यांचं ऑडिमीटर हे यंत्र संचाला जोडलेलं असे आणि सुई कोणत्या स्टेशनवर आहे ते टिपून ठेवी. खोलीत माणूस आहे की नुसताच रेडिओ बडबडतोय, हे त्याला कळत नसे. १९५० मध्ये हूपर यांची राष्ट्रीय सेवा नील्सन यांनीच विकत घेतली.

प्रश्न : पाहुणा स्टार आला की रेटिंग खरंच वाढे का? मानधन किती मिळे?

उत्तर : एका भागाचा आकडा पाहून ठरवू नका. आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे घ्या, रेटिंगऐवजी हिस्सा बघा (उन्हाळ्यात एकूण ऐकणारेच कमी होतात), आणि त्या वेळी समोरच्या स्टेशनवर काय होतं ते तपासा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९४८ मध्ये एबीसी या नेटवर्कने श्रोत्यांना फोन करून बक्षिसं देणारा ‘स्टॉप द म्युझिक’ आणला आणि त्याच वेळेला लागणाऱ्या विनोदवीर फ्रेड ॲलनचे श्रोते पळाले. आपल्याला ऐकताना कोणाचं बक्षीस हुकलं तर ५००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ, असं त्याने जाहीर केलं. तरी १९४९ मध्ये त्याचा कार्यक्रम संपला. अशा वेळी पाहुणा कितीही मोठा असो, फरक पडत नाही.

मानधनाचं म्हणाल तर तऱ्हा तीन. ‘लक्स रेडिओ थिएटर’ हा रेडिओ नाटकांचा कार्यक्रम १९३६ मध्ये न्यूयॉर्कहून हॉलिवूडला गेला. तिथे बड्या ताऱ्याला एका प्रयोगाचे ५००० डॉलरपर्यंत मिळत. ‘हॉलिवूड हॉटेल’ या कार्यक्रमात सिनेपत्रकार लुएला पार्सन्स यांच्या शब्दाखातर तारे फुकट येत. पेपरातला त्यांचा स्तंभ एवढा वजनदार की नकार द्यायची छाती कोणाची! ‘स्क्रीन गिल्ड’च्या कार्यक्रमात १९३९ पासून मानधन चित्रपट कामगारांच्या मदतनिधीला जाई.

प्रश्न : एकाच तारखेच्या एकाच भागाची दोन ध्वनिमुद्रणं सापडली, संवाद थोडे वेगळे आहेत. खरं कोणतं?

उत्तर : बहुधा दोन्ही. एनबीसी आणि सीबीएस नेटवर्कवर ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालू देत नसत. त्यामुळे अनेक कार्यक्रम पूर्वेसाठी एकदा आणि पश्चिम किनाऱ्यासाठी तीन तासांनी पुन्हा प्रत्यक्ष सादर होत. अडखळणं, हशा, ऐनवेळचे विनोद तेवढे बदलत. १९४६ मध्ये गायक बिंग क्रॉस्बी एबीसीकडे गेला तो, कार्यक्रम आधी मुद्रित करायची मुभा मिळाली म्हणूनच.