पानात डीएनए असतोच, मग तो वाढवायचा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडजवळच्या तुमच्या मोसंबीच्या बागेतल्या पानांची पीसीआर, म्हणजे डीएनएचा तुकडा वाढवून रोग ओळखायची चाचणी, करून घ्या, असं कुणी तरी सुचवलं. पानात डीएनए असतोच, मग प्रयोगशाळेत तो वाढवायचा कशाला, आणि वाढवतात तरी कसा? मी छत्रपती संभाजीनगरला हेच काम करते, म्हणून मोसंबीवरूनच सांगते.

पानात डीएनए रग्गड असतो, पण तो मोसंबीचा. आपल्याला शोधायचाय ग्रीनिंग रोगाच्या जिवाणूचा. हा जिवाणू झाडाचा अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत दडून बसतो. काचेच्या डिशमध्ये वाढवून ओळखावा, तर तिथं तो नीट वाढत नाही. पानांवरून ओळखावं, तर जस्त कमी पडलं तरी पानं पिवळीच पडतात. ग्रीनिंगमध्ये मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा नसतो, हा फरक खरा. पण एकाच झाडाला दोन्ही असलं की जाणताही गोंधळतो आणि बागायतदार जस्ताच्या फवारण्या मारत राहतो. उरतो तो डीएनए. तो इतका किंचित, आणि मोसंबीच्या डीएनएत इतका मिसळलेला, की आहे तसा दिसणं शक्यच नाही.

लोक पीसीआरला डीएनएची झेरॉक्स म्हणतात. म्हणा खुशाल, पण ही झेरॉक्स अख्ख्या पोथीची नाही, त्यातल्या एकाच ओवीची. बाकीचा डीएनए आहे तेवढाच राहतो आणि आपल्याला हवा तो तुकडा कोटींच्या घरात जातो. म्हणजे वाढवण्याइतकंच हे निवडण्याचं काम आहे.

आधी पानाची मधली शीर कापून घेतो, कारण जिवाणू असलाच तर तिथं सापडण्याची शक्यता जास्त. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये खलून तिची पूड करायची, ६५ अंशांच्या द्रावणात मुरवायची, क्लोरोफॉर्मनं प्रथिनं वगैरे बाजूला काढायची. शेवटी आयसोप्रोपेनॉल घालून नळी हळूच खालीवर केली की पांढरे तंतू दिसू लागतात. तो डीएनए. नवीन पोरं इथं हमखास मोबाईल काढतात.

त्यातला कणभर घेऊन साधारण २५ मायक्रोलिटरचं मिश्रण करायचं, म्हणजे अंदाजे अर्धा थेंब. त्यात डीएनएची चार सुटी अक्षरं, म्हणजे तो ज्या चार घटकांचा बनतो ते, मॅग्नेशियम, पॉलिमरेज नावाचं एन्झाइम आणि दोन प्रायमर. निवड होते ती या प्रायमरमुळे. प्रायमर म्हणजे ऑर्डर देऊन बनवून घेतलेला, साधारण २० अक्षरांचा डीएनएचा तुकडा; त्याची अक्षरं जिथं जुळतात तिथंच तो चिकटतो. २० अक्षरांच्या जुळण्या होतात सुमारे १.१ लाख कोटी. मोसंबीच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या एकूण डीएनएत, अक्षरं साधारण ३७ कोटी. त्यामुळे नीट निवडलेला प्रायमर भलत्याच जागी तंतोतंत बसण्याची शक्यता फार कमी, आणि दोन प्रायमर समोरासमोर, जवळजवळ बसण्याची तर त्याहून कमी.

मग नळी यंत्रात. ९४-९५ अंशांना डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात. तापमान ५०-६० च्या आसपास आणलं की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. ७२ अंशांना एन्झाइम तिथून पुढं अक्षरं जोडत जातं. ही एक फेरी, एकाचे दोन. १० फेऱ्यांत हजारावर, २० मध्ये दहा लाखांवर, ३० मध्ये हिशेबानं १०७ कोटी. प्रत्यक्षात जरा कमीच, कारण दर फेरीला सगळे तुकडे दुप्पट होत नाहीत आणि शेवटी शेवटी मालही संपत येतो.

ही युक्ती कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीला मोठी कटकट होती: ९५ अंशांना एन्झाइम निकामी व्हायचं, दर फेरीला नवं घालावं लागायचं. तोड निघाली ती अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या एका जिवाणूमुळे. त्याचं एन्झाइम एवढी उष्णता सहज सोसतं. आपल्याकडं नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथं गेले की मला देवाआधी पाण्यातले जिवाणू आठवतात, त्याला इलाज नाही.

शेवटी हा माल अ‍ॅगरोज जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, विजेवर पळवतात, की तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. ग्रीनिंगसाठी प्रायमरची एक नेहमीची जोडी आहे, तिचा तुकडा ११६० अक्षरांचा. अतिनील दिव्याखाली त्या लांबीवर पट्टी चमकली तर जिवाणू आहे.

हे तंत्र जितकं ताकदीचं तितकंच तापदायक. आधीच्या नमुन्याचा अदृश्य तुषार नव्या नळीत पडला, तर तोही इमानेइतबारे वाढतो आणि निरोगी झाड रोगी ठरतं. म्हणून दर वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावतो. तिच्यात पट्टी आली की त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

उलट पट्टी आली नाही म्हणून झाड सुटलं, असंही नाही. हा जिवाणू झाडात सगळीकडं सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत सापडेल, शेजारच्या फांदीत नाही. म्हणून नमुना देताना एकाच फांदीची पानं ओरबाडून आणू नका. चारही बाजूंची, लक्षणं दिसणारी, पूर्ण वाढलेली पानं देठासकट काढा, कोरडी करून पिशवीत घाला, पिशवीवर झाडाचा नंबर टाका आणि बर्फाच्या डब्यातून लवकर पोचवा. आणि नवी कलमं घेणार असाल तर डोळे ज्या मातृवृक्षाचे, त्याची चाचणी झालीय का, हे नर्सरीवाल्याला आधी विचारा. हा रोग सिट्रस सायला किडीमुळे पसरतो तसा डोळ्यातूनही येतो, आणि एकदा शिरला की झाड पूर्ण बरं करणारं औषध नाही.