लेसरची तारीख आधी रद्द करा

(नाशिकरोडच्या एका लोको पायलट वडिलांचं पत्र. मुलगा वीस वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याने रेल्वेत सहायक लोको पायलट व्हावं अशी घरच्यांची इच्छा. दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर. क्लासच्या सरांनी सांगितलं, 'जाहिरात यायच्या आत लेसर उरकून घ्या, चष्मा गेला की मेडिकलला कोणी विचारत नाही.' पुढच्या महिन्यातली तारीख घेतली, पाच हजार आगाऊ भरले. दोन तपासण्यांचे कागद सोबत जोडलेत. मुलगा शनिवार-रविवार अंबडला एका वर्कशॉपमध्ये जायचा, ते आता बंद करायला लावलंय. 'तो काही बोलत नाही. त्याच्याकडून अभ्यास कसा करून घ्यावा?')

नमस्कार.

तुम्ही अभ्यासाचं विचारलंत, पण आधी त्या तारखेचं बघू. ती रद्द करा. सहायक लोको पायलटच्या भरतीत लेसिक (लेसरने नंबर घालवण्याची नेहमीची पद्धत) किंवा नंबर घालवण्याची कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतच तसं छापलेलं असतं. क्लासच्या सरांनी ती जाहिरात शेवटपर्यंत वाचलेली दिसत नाही. या पदाला ए-१ ही वैद्यकीय श्रेणी लागते आणि त्यात दोन्ही डोळ्यांना चष्म्याविना ६/६ दिसावं लागतं. उणे अडीच नंबरला ते आजही जमणार नाही आणि लेसरनंतर शस्त्रक्रियेच्या कारणाने नाव कटेल. म्हणजे जिथे तसाही प्रवेश नाही, तिथे हजारो रुपये मोजून आणि डोळ्याला हात लावून जायचं चाललंय.

तुम्हाला हे पटायला जड जाईल, कारण तुमच्या लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लागते तिथे, साइन ऑनला येणाऱ्यांतले कितीतरी जण चष्मा लावतात. कदाचित तुम्हीही लावत असाल. पण भरतीच्या वेळचे निकष वेगळे आणि नोकरीत असताना पीएमईला (ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीला) लागतात ते वेगळे. मुलाला भरतीचेच निकष लागणार.

आता त्या 'कोणी विचारत नाही'बद्दल, कारण हा गैरसमज नाशिकच्या बऱ्याच क्लासमध्ये फिरतोय. लोकांना वाटतं, लेसरने डोळा 'नवा' होतो आणि मागे काही राहत नाही. प्रत्यक्षात उणे नंबर बहुतेकदा डोळ्याचा गोळा लांब झाल्यामुळे येतो आणि ती लांबी लेसर कमी करत नाही. ते फक्त पुढच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, आकार बदलतं. लेसिकमध्ये कॉर्नियावर एक पातळ पापुद्रा कापून उलटतात, आतला थर लेसरने घासतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. तो बसतो, पण पूर्वीइतका पक्का जुळत नाही. डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, स्लिट लॅम्पखाली, त्याची गोल कड बऱ्याचदा वर्षांनंतरही दिसते. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, काढली तर कॉर्निया मधोमध चपटा झालेला त्यात उमटतो. डोळ्याच्या डॉक्टरला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. एखाद्याच्या नजरेतून सुटलंच, तरी खोटी माहिती देऊन मिळवलेली सरकारी नोकरी पुढे कधीही जाऊ शकते. ही टांगती तलवार तुम्ही मुलाच्या डोक्यावर कशासाठी ठेवताय?

तुम्ही जोडलेले दोन कागद मी नीट पाहिले. गेल्या वर्षीच्या कागदावर उणे पावणेदोन आहे, यंदाच्यावर उणे अडीच. म्हणजे नंबर अजून वाढतोय. किमान वर्षभर नंबर स्थिर असल्याशिवाय लेसर करू नये, हा या शस्त्रक्रियेचा प्राथमिक नियम आहे. या दोन कागदांवर कुणी तारीख दिली असेल, तर त्याच्याकडे परत जाऊ नका. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाला दाखवा. नंबर इतक्या लवकर वाढत असेल तर कॉर्नियाची टोपोग्राफी करून केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) नाही ना, हेही एकदा बघून घ्या. तो असेल तर लेसर कुठल्याही वयात करायचं नसतं.

इथवरचं कोणताही चांगला नेत्रतज्ज्ञ सांगेल. मला खरी काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या 'तो काही बोलत नाही' या वाक्याने. वीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया होणार म्हणून ऐकतो आणि गप्प बसतो, आणि घरात सगळे तो होकार धरून चालतात. संमतीपत्रावर सही मात्र त्याचीच लागणार आहे, तुमची नाही. महिनोन्‌महिने डोळे कोरडे राहिले, रात्री दिव्याभोवती वलयं दिसायला लागली, तर ती त्यालाच दिसणार आहेत. कसाऱ्याच्या घाटात, जुलैच्या पावसात, काचेवर पाणी असताना सिग्नल शोधणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो सिग्नल पसरट दिसेल अशी जोखीम घेऊन त्याच केबिनमध्ये मुलाला बसवायची तुमची तयारी कशी झाली?

मला वाटतं, निवृत्ती जवळ आली म्हणून. क्वार्टर सोडायचं, घराचा हप्ता, आणि 'आपल्या जागी पोरगा' ही जुनी ओढ. पूर्वी रेल्वेच्या लार्सगेस योजनेत लोको पायलट लवकर निवृत्त होऊन मुलाला नोकरी लावू शकायचा. ती योजना २०१७ पासून बंद आहे. लॉबीत तिची आठवण अजून निघते, तिथूनच ही घाई तुमच्या घरात आली असावी. तुम्ही मुलाचं वाईट चिंतत नाही, हे मला कळतं. पण रात्री दोनचा कॉल, रनिंग रूममधली (बाहेरगावच्या विश्रांतीगृहातली) अर्धवट झोप, हुकलेले सणवार हे सगळं तुम्ही भोगलंय. तेच त्यालाही हवंय का, हे त्याला एकदाही विचारलेलं पत्रात कुठे दिसत नाही.

रेल्वेच हवी असेल, तर चष्म्याची दारं उघडी आहेत. बी-१ श्रेणीत चारपर्यंतचा नंबर चष्म्यासह चालतो, सी-१ त्याहून सैल आहे. जाहिरातीच्या परिशिष्टात प्रत्येक पदापुढे श्रेणी दिलेली असते, ते वाचून जेईचे (ज्युनिअर इंजिनिअरचे) अर्ज भरता येतील. अभ्यासाचा प्रश्न तिथे सुटतो: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान, रोज दोन तास. त्यासाठी वर्कशॉप सोडायची गरज नाही.

आणि वर्कशॉपचं मला पुढे बोलायचंय. पत्रात तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत की 'तिथे तो व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) प्रोग्रॅम टाकत बसतो, मालकाने चावी त्याच्याकडेच दिलीय.' डिप्लोमाच्या पोराकडे मालक चावी देतो, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला नाही का? शनिवार-रविवार कुणी न सांगता उठून सातपूर-अंबडच्या शेडमध्ये जाणारी मुलं माझ्याकडे सल्ल्याला फार येत नाहीत. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डायचं शिक्षण, किंवा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात अप्रेंटिसशिप. यातलं काहीही त्याच्या हाताला शोभेल, आणि चष्मा कुठेच आड येणार नाही. उलट अशा कामात लेसिक ही जास्तीची काळजी आहे. डोळ्याला मार लागला तर तो पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो, आणि मशीनवर धातूची चिप उडणं रोजचंच. नंबर घातलेला सेफ्टी गॉगल बनवून घ्या, चष्म्याच्या दुकानातून करून मिळतो.

लेसरला माझा विरोध नाही. पंचविशीत नंबर थांबला, कॉर्निया चांगला निघाला आणि त्याला स्वतःला चष्म्याचा कंटाळा आला, तर तो त्याच्या पैशांनी जरूर करेल. तेव्हाही एवढं बघावं की ज्या नोकरीचा अर्ज भरायचाय, तिच्या नियमांत शस्त्रक्रिया चालते का.

यापुढचं तुमच्यासाठी नाही. हा कागद मुलाच्या हातात द्या.

बाळा, तुझं नाव पत्रात कुठेच नव्हतं, म्हणून असंच लिहितो. गप्प राहून वडिलांना दुखवायचं टाळतोयस, पण हे डोळ्यांचं प्रकरण आहे, यात गप्प बसू नकोस. उद्या हॉस्पिटलच्या काउंटरवर तूच जा, तारीख रद्द कर, आगाऊ रकमेची पावती दाखवून पैसे परत मिळतात का ते विचार. मग एखाद्या शनिवारी वडिलांना अंबडला घेऊन जा. ड्युटी असेल तर रविवारी. तू लिहिलेल्या प्रोग्रॅमवर एक जॉब, म्हणजे एक सुटा भाग, पूर्ण होईपर्यंत त्यांना मशीनपाशी उभं कर आणि मोजमाप त्यांनाच व्हर्निअरने घेऊ दे. तीस वर्षं इंजिनात काढलेला माणूस आहे, त्यांना कळेल. त्यानंतरही तुला रेल्वेतच जायचं असेल, तर मला लिही. चष्म्यासह रेल्वेत काय करता येईल, ते मी पदवार काढून देतो.