क्यूईएमयूमध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) विंडोज ९८ ला नेटवर्क कार्ड दिसतं, पण नेट चालत नाही. काय करू?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एनई२००० कम्पॅटिबल' कार्डाचा आय/ओ पत्ता हाताने ३०० (हेक्स) आणि आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला ज्यावरून हाक मारतं तो क्रमांक) ९ करा, मग रीस्टार्ट. क्यूईएमयूचं आयएसए (जुन्या पद्धतीचं) एनई२००० कार्ड मुळातच याच जागी असतं. विंडोजने भलताच आयआरक्यू धरला की कार्ड दिसतं, पण डेटा येत नाही. टीसीपी/आयपीच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता आपोआप घ्यायला सांगा आणि विनआयपीसीएफजी (मिळालेला आयपी पत्ता दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) उघडा:

- १०.०.२.१५ आलं, तर जोडणी झाली. गेटवे १०.०.२.२, डीएनएस १०.०.२.३.
- १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, म्हणजे नेटवर्ककडून पत्ता मिळालाच नाही, तर आयआरक्यू पुन्हा तपासा.

पिंगवरून मात्र निष्कर्ष काढू नका, यूझर मोडमध्ये (क्यूईएमयूची नेहमीची नेटवर्क पद्धत) बाहेरचं पिंग बहुधा जातच नाही. एफटीपीने फाइली घेताना पॅसिव्ह मोड ठेवा. आजच्या एचटीटीपीएस साइट जुन्या ब्राउझरला उघडणार नाहीत, तो दोष नेटवर्कचा नाही.