हवा एकच, पाणी मात्र ज्याचं त्याचं

फिशटँकवाल्यांचे प्रश्न थंडी जवळ आली की वाढतात, यावेळी पण तसंच झालंय. खानापूरचा प्रश्न मोठा आहे आणि बऱ्याच जणांच्या कामाचा, म्हणून त्याला जास्त जागा दिलीय, बाकी दोन थोडक्यात.

प्रश्न: सर नमस्कार, मी खानापूरचा. आधी हॉलमध्ये एकच टँक होता, आता मागच्या खोलीत दोन फुटी पाच झालेत. दोनात गप्पी-मॉली, एकात एंजल, एकात गोल्डफिश आणि एक पिल्लांसाठी. प्रत्येकाला वेगळा फिल्टर, वेगळा हीटर, बोर्डावर प्लगांची जत्रा झालीय. दुकानदार म्हणतोय खाली एक मोठा संप (पाण्याची सामायिक टाकी) करा, पाचही टँकचं पाणी त्यात आणा, एकच मोटर एकच हीटर, काम खल्लास. करू काय?

उत्तर: करू नका. संप वाईट नसतो, ज्याच्याकडं एकाच जातीचे पन्नास टँक आहेत त्याला तो परवडतो. पण तुमच्या पाच टँकमधलं पाणी एक केलं म्हणजे रोगही एक केला. नवीन आणलेल्या एका मॉलीच्या अंगावर पांढरे ठिपके आले की आठवड्याभरात पाचही टँकमध्ये तेच, आणि औषध घालायचं तर सगळीकडं घालायला लागणार, पिल्लांच्या टँकमध्ये सुद्धा. दुसरं म्हणजे एंजलला 26-27 डिग्री पाहिजे, गोल्डफिश 20 च्या आसपास खूष, आता एकाच पाण्यात दोघांना कसं खूष ठेवणार? आणि संपला काचेत भोक पाडून ओव्हरफ्लो काढावा लागतो, भोक नको म्हणून सायफन लावला तर लाईट जाऊन आली की कधीतरी तो तुटतो, मोटर मात्र वर पाणी ढकलत राहते आणि सकाळी खोलीभर पाणी.

एकत्र करायचीच असेल तर हवा करा. एक मोठा एअर पंप घ्या, त्याच्यापासून अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप रॅकच्या मागनं फिरवून दोन्ही टोकं परत जोडून गोल करा, म्हणजे लांबच्या टँकला पण सारखंच प्रेशर मिळतं. पाईपला भोकं पाडून छोटे प्लास्टिकचे कॉक बसवा, प्रत्येक कॉकवरनं एक नळी आणि नळीच्या टोकाला स्पंज फिल्टर, म्हणजे वर जाणारे बुडबुडे ज्याच्यातनं पाणी ओढतात तो स्पंज. एक कॉक जास्तीचा ठेवा आणि तो थोडा उघडाच राहू द्या, जादा हवा तिथनं निघून जाते नाहीतर पंपाचा रबर लवकर फाटतो. हवा नेहमी कमी खोल पाण्याकडं पळते, म्हणून सगळे स्पंज साधारण सारख्याच खोलीवर ठेवा आणि कॉक एकेक करून जुळवा, पहिल्या दिवशी अर्धा तास जाईल त्यात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाही जमलं तर प्रत्येक नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व लावा, नाहीतर लाईट गेली की पाणी उलटं नळीतनं पंपात.

स्पंज फिल्टर दिसायला गरीब वाटतो पण काम तोच करतो. माशाच्या घाणीतनं अमोनिया होतो, स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, पहिल्या दोन्ही गोष्टी माशाला मारतात, तिसरी पाणी बदलून काढता येते. नव्या स्पंजाला तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तुमच्याकडं चालू टँक आहेत की, जुना स्पंज नव्या टँकच्या पाण्यात पिळा, ती काळपट घाण म्हणजेच बियाणं. पिल्लं पण स्पंजात ओढली जात नाहीत, उलट त्याच्यावरचं बारीक काहीबाही चाटत बसतात.

आता हीटर. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे काठोकाठ 56 लिटर, रेती आणि वरची जागा सोडली की 45-50. खोलीपेक्षा सहा-सात डिग्री वर न्यायचं तर लिटरला एक वॅट धरा, म्हणजे 50 वॅटचा हीटर पुरे. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 13-14 पर्यंत उतरतो पण बंद खोलीतलं पाणी तेवढं गार होत नाही. गोल्डफिशला हीटर नको, उरले चार, चौघांचे मिळून 200 वॅट, दिवसातला अर्धा वेळ पेटले धरलं तर रोजचे 2.4 युनिट. ते कमी करायचंय तर टँकच्या मागं आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावा आणि वर काचेचं झाकण घाला, फरक पडतो. गरम हवा वर चढते त्यामुळं रॅकच्या वरच्या फळीवर एंजल आणि पिल्लं, खालच्या फळीवर गोल्डफिश. 100 वॅटचा मोठा हीटर स्वस्त वाटतो म्हणून घेऊ नका, थर्मोस्टॅट (ठरलेल्या डिग्रीला हीटर बंद करणारा स्विच) चिकटला तर तो पन्नास लिटर पाण्याला तासाला दीड डिग्रीच्या वर चढवतो, रात्रीत माशांचं कालवण. पाण्यात एक साधा थर्मामीटर टाकाच, हीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं एकदा लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, त्याची तयारी वेगळी. इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप घ्या, तो 25-30 वॅट खातो, रात्रभर चालतो. हीटर इन्व्हर्टरवर घातलात तर बॅटरी हीटरच खाणार. मासा थोडा गार पाण्यात तग धरतो, हवेविना नाही. लाईट नसेल तोवर खायला घालू नका. घरात अर्थिंग नीट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) बसवा आणि वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात जात नाही.

प्रश्न: निपाणीहून लिहितोय. बोअरचं पाणी आहे, हीटरवर पांढरा थर बसतोय, मासे गप्पी आणि मॉली. पाणी बदलू काय?

उत्तर: मासे बदलायचे नाहीत तर बोअर सोडून दुसरं पाणी पण शोधू नका, गप्पी-मॉलीला हार्ड म्हणजे क्षाराचं पाणीच आवडतं. थर काढा मात्र, तो बसला की हीटरची उष्णता पाण्यात नीट जात नाही आणि काच आतनं जास्त तापते. प्लग काढून वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या, मग बाहेर काढून व्हिनेगर लावलेल्या फडक्यात तासभर गुंडाळा, पापुद्रा आपोआप सुटतो. चाकूनं खरवडू नका. पाणी बदलताना पण हीटर आधी बंद, उघड्यावर तापलेल्या काचेला गार पाणी लागलं की तडाच.

प्रश्न: टिळकवाडी, बेळगाव. फिल्टर अगदी स्वच्छ धुतला की दुसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं आणि मासे वर येऊन तोंड मारतात, असं का?

उत्तर: नळाखाली धुताय म्हणून. नळाच्या पाण्यातला क्लोरीन स्पंजातले जिवाणू मारतो, मग अमोनिया कोण खाणार? टँकमधलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा आणि परत लावा, पांढराशुभ्र व्हायला पाहिजेच असं काही नाही. आता जे झालंय त्याला रोज पाव भाग पाणी बदला, ताजं नळाचं असेल तर अँटी क्लोरीन घालून, ड्रममध्ये दोन दिवस उघडं साठवलेलं असेल तर बहुतेकदा तसंच चालतं. हवा वाढवा आणि चार-पाच दिवस दाणे अगदी चिमूटभरच.